ब्रेकबाईचं खरं नाव

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक म्हणे, चौकातला पेपरवाला म्हणे, आणि तिच्याकडे शिकून गेलेली माणसं तर रस्त्याच्या पलीकडून हात करून म्हणत. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाशी जादाचा ब्रेक होता. पण तो दाबायची पाळी येण्याआधी ती तोंडानंच असा ‘ब्रेक!’ ओरडायची, की शेजारच्या गाडीतल्या माणसाचाही पाय आपसूक खाली जायचा. ह्या टोपणनावाचा तिला राग नव्हता. उलट ते होतं म्हणून बरं, असंच तिला वाटायचं. कारण खरं नाव कोणी उच्चारलं की तिच्या कपाळाची शीर उठायची.

खरं नाव होतं देओलिंदा. नाव पोर्तुगीज. घरची जुनी भाषा तीच, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना ती थोडीफार समजायची, हीच पंचाईत होती. त्या भाषेत ‘देउस’ म्हणजे देव आणि ‘लिंदा’ म्हणजे देखणी. देवाची देखणी! आणि ही कशी, तर खांदे हमालासारखे रुंद, जबडा चौकोनी, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा बारीक, आणि नाक असं की सरळ निघालं होतं, पण अर्ध्या वाटेत विचार बदलून डावीकडे वळलं. शाळेत हजेरी घेताना तिचं नाव आलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. एक मुलगा म्हणाला होता, “देखण्या माणसाला देव फुरसतीत बसून घडवतो म्हणतात. हिच्या वेळी देव रजेवर होता.” त्या मुलाचा दात तिनं पाडला. शिक्षा झाली, ती तिनं मान ताठ ठेवून भोगली. पण दात किती जणांचे पाडणार? पुढे पुढे ती हजेरीला नुसतं “हजर” म्हणायची, तेही असं, की पुढचं नाव घेण्याची बाईंना घाई व्हावी.

शाळा संपल्यावर एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षात मुली हव्यात असं कळलं. आईनं इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट घालून ती गेली. मॅनेजरनं कागदावरचं नाव वाचलं, मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तो वाईट बोलला नाही. फक्त हसू दाबण्यासाठी त्यानं ओठ आत घेतले. तिच्या ते ओठ आयुष्यभर लक्षात राहिले. “इथली जागा भरली,” तो म्हणाला, “पण मागे गॅरेजमध्ये गाड्या धुवायला माणूस हवंय.”

दुसरी एखादी तोंड फिरवून घरी गेली असती. ही मागच्या दारानं गॅरेजमध्ये गेली आणि बाह्या वर सारून कामाला लागली. पाहुण्यांच्या गाड्या धुता धुता तिला त्यांचा नाद लागला. तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला सगळे काका म्हणत. त्यांनी तिची ओढ ओळखली आणि दुपारच्या निवांत वेळी मागच्या अंगणात तिला गाडी शिकवली. काका मोजकं बोलायचे. “गाडीला तोंड दिसत नाही पोरी,” ते एकदा म्हणाले, “तिला हात कळतो.” त्या एका वाक्यावर तिनं पुढची सगळी वर्षं काढली म्हटलं तरी चालेल. आधी तिनं माल पोचवायची गाडी चालवली, मग शाळेची बस, आणि शेवटी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली. लग्नाचं तिनं मनावर घेतलं नाही. आई आणि ती, दोघींचा संसार होता. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि खिडकीत आईची वाळत घातलेली मोज्यांची रांग.

शिकवणाऱ्याचा परवाना गाडीत समोर टांगलेला असावा, असा नियम होता. त्यावर पूर्ण नाव ठसठशीत छापलेलं असायचं. नियम ती कधी मोडायची नाही. पण काच पुसायचं पिवळं फडकं ती असं अडकवायची, की फोटो दिसावा, शिक्का दिसावा, आणि नाव तेवढं झाकलं जावं.

अशात एके दिवशी मॅडम आल्या.

मॅडम म्हणजे कॉलेजात जुन्या भाषा शिकवून निवृत्त झालेल्या बाई. केस पांढरेशुभ्र, अंगानं काडी, आणि चष्म्याच्या काचा बरणीच्या तळासारख्या जाड. दुसऱ्या एका स्कूलमध्ये शिकून त्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. मालकानं त्यांना गोड बोलून वाटेला लावायचा घाट घातला.

“ह्या वयात कशाला दगदग, मॅडम? रिक्षा-टॅक्सी आहेत की.”

“डोंगरापलीकडे माझी धाकटी बहीण असते,” मॅडम म्हणाल्या. “ती अंथरुणाला खिळलीय. तिकडे जाणारी बस बंद झाली. टॅक्सीवाला घाट चढायचा म्हटलं की तोंड वाकडं करतो. गाडी दारात उभी आहे, आमच्या ह्यांची. ते गेल्यापासून कोणी हात लावला नाही. मला माझ्या बहिणीकडे जायचंय. शिकवणार असाल तर सांगा.”

मॅडम बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर मालक ब्रेकबाईला हळूच म्हणाला, “ही काही पास व्हायची नाही. आपल्या स्कूलचं नाव खराब होईल. तूच काहीतरी सांगून वाटेला लाव.”

ब्रेकबाईनं खिडकीतून पाहिलं. बाकावर बसून म्हातारी मांडीवरच्या पिशवीचा बंद धरून गिअर टाकल्यासारखा पुढे-मागे करत होती. तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार.

“मी शिकवते,” ब्रेकबाई म्हणाली.

“आणि नापास झाली तर?”

“तर पुन्हा शिकवीन. गाडी तुमची, वेळ माझा. सुट्टीच्या दिवशी येईन.”

म्हणायला सोपं होतं ते. मॅडमना सरळ रस्त्यावर गाडी जमायची, वळणही जमायचं, पण चढ आला की सगळं मुसळ केरात. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची म्हटलं की त्यांचा पाय क्लचवरून धपकन सुटायचा, गाडी हिसका देऊन बंद पडायची आणि मागे घसरू लागायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मॅडम प्रत्येक हॉर्नला “क्षमस्व, क्षमस्व” म्हणायच्या.

“मॅडम, त्या हॉर्नवाल्यांना तुमचं ऐकू जात नाहीये,” ब्रेकबाई म्हणायची. “क्षमा नंतर मागा. आधी हँडब्रेक.”

अशाच एका हिसक्यात ते पिवळं फडकं सुटून खाली पडलं. मॅडमनी जाड चष्मा त्या परवान्याजवळ नेला.

“देओलिंदा! अहो, किती जुनं नाव आहे तुमचं!”

“समोर बघा.”

“गाडी बंद आहे हो.”

“बंद असली तरी समोर बघा.” तिनं फडकं उचलून पुन्हा लटकवलं. “आणि ह्या गाडीत ते नाव घ्यायचं नाही. ब्रेकबाई म्हणा, नाहीतर ताई म्हणा.”

“का बरं?”

“कारण माझ्याकडे आरसा आहे,” ब्रेकबाई म्हणाली. “गाडीला तीन आहेत आणि घरी एक. देवाची देखणी म्हणे! चला, क्लच दाबा.”

मॅडमनी क्लच दाबला नाही. म्हातारी शिकवताना जशी असेल तशीच आता झाली, पाठ ताठ आणि आवाज बारीक पण ठाम. “तुमच्या नावाचा अर्थ तो नाही,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, माझं समाधान व्हावं म्हणून काहीतरी रचू नका. लहानपणापासून ऐकतेय. देउस म्हणजे देव, लिंदा म्हणजे देखणी. त्याला पंडित कशाला लागतो?”

“तेच तर. इतकं सोपं दिसतं म्हणून लोक तिथेच थांबले. तुम्ही मला चढ शिकवा, मी तुम्हाला हे नाव उलगडून दाखवते. पटलं नाही तर सोडून द्या.”

“नुसतं बोलून चालणार नाही. आधार दाखवायचा.”

“दाखवीन. घरी या.”

त्या दिवशी उरलेल्या वेळात मॅडमची गाडी चढावर अनेकदा बंद पडली, पण एकदाही त्यांनी क्षमस्व म्हटलं नाही.

पुढच्या सुट्टीला ब्रेकबाई त्यांच्या घरी गेली. मनात एकच होतं, की म्हातारीची थाप पकडायची आणि विषय कायमचा बंद करायचा. मॅडमचं स्वयंपाकघर छोटं होतं. ओट्यावर पुस्तकं आणि पुस्तकांवर बशा. त्यांनी चहा ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“देओलिंदा हे बहुतेक एका लांब नावाचं झिजलेलं रूप आहे. तेओदोलिंदा. हे नाव देउसवाल्या भाषेतून आलेलंच नाही. फार पूर्वी उत्तरेकडून जर्मन टोळ्या घोड्यांवरून खाली उतरल्या, त्यांच्या बोलीतलं आहे. फार जुन्या काळी त्यांच्यातल्या एका राणीचं असंच नाव होतं. राज्य गेलं, बोली गेली, पण पोरींची नावं मागे राहिली. नवीन लोकांना त्यातलं काही कळेना. मग त्यांनी आपल्या कानाला जे ओळखीचं वाटलं ते त्यात ऐकलं. पहिला तुकडा देवासारखा वाटला, दुसरा देखणीसारखा.”

“मग खरं काय?”

“पहिला तुकडा ‘थेउद’, म्हणजे लोक. आपली माणसं. आणि दुसरा ‘लिंद’.” मॅडम थांबल्या. “इथे विद्वानांची भांडणं आहेत. काही म्हणतात लिंद म्हणजे मऊ, मवाळ. काही म्हणतात ते एका झाडाचं नाव, लिंडेनचं. त्या झाडाच्या लाकडाच्या ढाली करत, म्हणून ढालीलाही लिंद म्हणत.”

“म्हणजे लोकांशी मवाळ, का लोकांची ढाल?”

“दोन्ही म्हणता येतं.”

“एक काय ते सांगा ना, मॅडम. चौकात उभं राहून इकडेही जाता येतं नि तिकडेही, असं मी शिकणाऱ्याला सांगितलं तर तो ठोकेल कुठेतरी.”

मॅडम मनापासून हसल्या. “खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही गं. जे माहीत नाही ते मी सांगणार नाही. रचू नका, असं तूच म्हणालीस ना?” मॅडमचं अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

ब्रेकबाईनं तीन जाडजूड पुस्तकं उघडायला लावली आणि प्रत्येकात बोट ठेवून वाचून घेतलं. म्हातारीची थाप काही सापडली नाही. चहा निवला. तिला हलकं वाटायला हवं होतं, पण उलट एक काटा आत जास्तच रुतला.

“मॅडम, राणीचं, टोळ्यांचं सगळं खरं असेल. पण माझं नाव माझ्या आजीनं ठेवलं. तिला कुठली टोळी ठाऊक? तिनं काय समजून ठेवलं?”

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तिनं देवाची देखणी असंच समजून ठेवलं असणार,” त्या म्हणाल्या. “ते मी पुस्तकात बघून सांगू शकत नाही. ते घरच्या माणसांना विचार.”

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चपला काढल्या आणि सरळ विचारलं. आई मोजे जोडीनं लावत बसली होती.

“आई, माझं हे नाव आजीला सुचलं तरी कसं?”

“आज हे मध्येच काय?”

“सांग ना. मला बघूनसुद्धा तिला असं नाव ठेवावंसं वाटलं?”

आईनं हातातला मोजा सरळ केला. मग म्हणाली, “तू अडली होतीस. डॉक्टरांनी चिमट्यानं ओढून काढली. तोंड सुजलेलं, काळंनिळं, नाक असं एका अंगाला. एक डोळा उघडेचना. मी घाबरले. मला सांगायला लाज वाटते, पण मी भिंतीकडे तोंड करून पडले. शेजारच्या खाटेवरची बाई भेटायला आलेल्यांना सांगत होती, बघा बाई, कसलं ध्यान जन्माला आलंय. आणि तेवढ्यात तुझी आजी आली.”

“मग?”

“आजीनं ऐकलं ते. तुला उचललं, खोलीच्या मधोमध उभी राहिली. नर्स विचारत होती, बाळाचं नाव ठरलंय का. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. आजी मोठ्यांदा म्हणाली, ठरलंय. देओलिंदा. सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं म्हणाली. आणि त्या शेजारणीकडे बघून म्हणाली, ज्याला हसायचं असेल त्यानं माझ्यासमोर हसावं. कोणी हसलं नाही बघ. तुला घेऊन ती तशीच उभी होती, माझं तोंड इकडे वळेपर्यंत.”

ब्रेकबाईला आजी आठवायची ती फक्त खुर्चीतली, हातात काठी घेतलेली, कमी बोलणारी. इतकी वर्षं तिला वाटत होतं की म्हातारीनं न बघताच, कुठूनतरी ऐकलेलं नाव आपल्या गळ्यात बांधलं. तर म्हातारीनं नीट बघून, रागावून, सगळ्या जगाला बजावून ते ठेवलं होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाचच धुतलेलं पातेलं धूत राहिली. थोड्या वेळानं ती स्वतःच बाहेर आली आणि आईच्या समोर बसून मोज्यांच्या जोड्या लावू लागली.

पुढच्या शिकवणीला मॅडम गाडीत बसल्या, तेव्हा परवान्यावर फडकं नव्हतं. मॅडमनी ते पाहिलं आणि क्लच दाबला.

परीक्षेच्या दिवशी मात्र घात झाला. चढ मॅडमनी छान काढला, पण खाली उतरताना एका कुत्र्याला वाट द्यायला त्या थांबल्या, आणि कुत्रं रस्त्याच्या मध्यावर बसून खाजवू लागलं. मॅडम त्याचं खाजवून होण्याची वाट बघत राहिल्या. मागे रांग लागली. अधिकाऱ्यानं नापासाचा शेरा मारला.

मालकाला निमित्तच मिळालं. “सांगत नव्हतो? आता बास. तिला नाही म्हणून सांग.”

“नाही सांगणार.”

“ब्रेकबाई, स्कूल माझं आहे.”

“हो ना. मग तुम्हीच सांगा तिला. तिच्या डोळ्यांत बघून सांगा, की बाई, बहिणीचं तोंड बघायचा नाद सोड. मी इथे उभी राहते आणि ऐकते.”

मालक माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. तो दाराकडे गेला, बाकावरच्या मॅडमकडे पाहिलं आणि परत आला. “पुढच्या तारखेला नेऊन बघ,” तो पुटपुटला.

मग ब्रेकबाईनं कंबर कसली. रोज सकाळी, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत, ती मॅडमना बाजाराच्या मागच्या बोळात घेऊन जायची. तिथे भाजीच्या हातगाड्या, सायकली, झाडू मारणारे, आणि कुत्री तर पैशाला पासरी. “थांबायचं, पण ठाण मांडायचं नाही,” ती सांगायची. “हॉर्न हळू वाजवा. तो शिवी नसतो मॅडम, तो निरोप असतो.” मॅडम पहिल्यांदा हॉर्न वाजवायला इतक्या कचरल्या, की जणू वर्गात शिट्टी मारायला सांगितलंय. आठवडाभरात त्यांनी एका टेम्पोवाल्याला असा हॉर्न दिला, की त्यानं खिडकीतून डोकं काढून “आलो, आजी, आलो” म्हणत गाडी बाजूला घेतली. ब्रेकबाई हसून हसून लोटपोट झाली. शिकवताना ती कधीच हसत नसे.

ह्या खेपेला मॅडम पास झाल्या. अधिकाऱ्यानं कागदावर सही करताना विचारलं, “कोणी शिकवलं तुम्हाला?”

“देओलिंदानं,” मॅडम म्हणाल्या, अगदी हजेरी घेतल्यासारख्या स्वच्छ आवाजात.

अधिकाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ब्रेकबाई दोन पावलांवरच होती. पूर्वी ती खाली बघून पायातले बूट न्याहाळत बसली असती. ती पुढे आली आणि म्हणाली, “हो, मीच. आजीनं ठेवलेलं नाव आहे. काही विचारायचंय?” त्यानं मान खाली घालून सही पुरी केली.

त्याच आठवड्यात मॅडमनी घाट चढून बहिणीचं घर गाठलं. पहिल्या खेपेला ब्रेकबाई शेजारी बसली होती, पण गाडी त्यांची, तिथे तिच्या पायाशी ब्रेक नव्हता. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. दोघी बहिणी एकमेकींना धरून रडत होत्या, तेव्हा ती बाहेर अंगणात उभी राहून उगाचच टायरची हवा बघत होती.

ही बातमी कर्णोपकर्णी झाली. साठी उलटलेल्या बायका, नवरा गेलेल्या, मुलं दूर असलेल्या, “मॅडमना शिकवणारी ती कोण?” असं विचारत येऊ लागल्या. स्कूलमध्ये तिच्या नावाची मागणी वाढली, तेव्हा तिनं मालकाला सांगितलं की आता गाडीच्या पाटीवर शिकवणाऱ्याचं नाव लिहा. मालक म्हणाला, “ब्रेकबाई लिहितो ना, लोकांच्या तोंडात तेच आहे.” ती म्हणाली, “तोंडात काय वाट्टेल ते असू दे. पाटीवर खरं नाव.” त्यानं टंगळमंगळ केली. वर्षभरानं तिनं जुनी गाडी घेऊन स्वतःचं स्कूल काढलं. पेंटर गाडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवत होता, तेव्हा त्यानं “ह्याचा अर्थ काय हो?” असं विचारलं. असं कोणी विचारलं की कधी ती राणीचं सांगते, कधी ढालीचं, कधी नुसतं म्हणते, देवाची देखणी, आणि समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघते. त्याला त्या दिवशी तिसरं उत्तर मिळालं. त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

सध्या तिच्याकडे एक सासू-सून एकाच गाडीत शिकतायत. एक चालवते तेव्हा दुसरी मागे बसते, आणि पुढचीच्या चुका मागून मोठ्यांदा मोजते. परवा घाटाच्या पायथ्याशी सासूबाईंची पाळी होती.

“सासूबाई,” देओलिंदा म्हणाली, “आरशात सुनेचं तोंड नका बघू. मागचा ट्रक बघा. ट्रकला तुमचं काही देणंघेणं नाही.”

मागून सून फसकन हसली. सासूबाईंनी आरसा नीट केला, ओठ घट्ट मिटले आणि पहिला गिअर टाकला.